चिठ्ठ्या लिहिणाऱ्या वहिनी

लाँड्रीत डाग घेऊन येणारी माणसं खोटं बोलतात. सगळीच नाही, पण निम्म्याहून जास्त. वहिनींना याचं नवल कधीच वाटेनासं झालं होतं, आणि राग तर त्याच्याही आधी सरला होता. सत्तावीस वर्षं त्या एकाच काउंटरमागे उभ्या होत्या. समोर कोट यायचा, पडदा यायचा, कुणाचा तरी एकदाच घातलेला रेशमी झगा यायचा, आणि वहिनी डागावर बोट ठेवून विचारायच्या, "कशाचा?" यात चांभारचौकशी नव्हती. चहाच्या डागाला एक औषध लागतं, रक्ताच्या डागाला दुसरं, आणि एकाचं दुसऱ्याला लावलं की डाग कायमचा बसतो. तरी माणसं सरळ सांगतील तर शपथ. ज्याला खरंच माहीत असायचं तो एका शब्दात मोकळा व्हायचा. "चहा," म्हणायचा आणि रस्त्याकडे बघायला लागायचा, कारण त्याच्या लेखी विषय संपलेला. ज्याला माहीत नसायचं, किंवा सांगायचं नसायचं, तो गोष्ट सुरू करायचा. "त्याचं काय झालं बाई, मी खिडकीशी बसलो होतो, तेवढ्यात आमचा मेहुणा आला..." मेहुणा आला की वहिनी पावतीवर 'डाग अज्ञात' लिहून टाकायच्या आणि आतल्या शिवणीवर औषधाचा एक थेंब टाकून बघायच्या. मालक म्हणायचा, बाईंना डागाचं नाक आहे. नाक कसलं डोंबलाचं? त्यांना कान होते.

आठवड्याचे सहा दिवस हे, आणि सातव्या दिवशी आणखी एक काम. ते काम आहे असं मात्र कुणीच धरलं नाही. दर रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या तळमजल्यावर सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची आणि वहिनी आपल्या संघाच्या चिठ्ठ्या लिहायच्या.

स्पर्धेची रीत साधी होती. आठ टेबलं, प्रत्येक टेबलाला चार माणसं. ग्रंथपाल माइकवरून प्रश्न दोनदा वाचायचे, मग अर्धं मिनिट मिळायचं. तेवढ्यात उत्तर एका चिठ्ठीवर लिहून पुढच्या डब्यात टाकायचं. एका प्रश्नाला एक चिठ्ठी, खाडाखोड केलेली बाद. वहिनींच्या टेबलावर बाकी तिघं पुरुष. एक औषधवाला, नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. स्वभावाने मऊ, आणि बोलायचा इतकं हळू की गिऱ्हाइकाला औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते दोनदा विचारावं लागे. दुसरा मोजणीदार, जमिनी मोजून मोजून निवृत्त झालेला. शेतातून पलीकडच्या बांधावर ओरडायची सवय होती, ती टेबलावरही सुटली नव्हती. आणि तिसरा वहिनींचा नवरा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत.

कॅप्टन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. खात्याची परीक्षा त्याने तीनदा दिली आणि तीनदा आपटला. हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली, त्यांच्या फायली हा बांधत बसला. पण त्याच साहेबांतले दोघं रविवारी पाच नंबरच्या टेबलावर बसायचे आणि कॅप्टन त्यांना धूळ चारायचा. सात वर्षांत त्याचा संघ बहुतेक रविवारी पहिला. परत येताना त्याची चाल बदललेली असायची. "ही नुसती घोकंपट्टी नाही गं," तो वहिनींना सांगायचा. "ही बुद्धी आहे. परीक्षेत काय, मिळतात मार्क. इथे अर्ध्या मिनिटात आतून यावं लागतं." वहिनी हो म्हणायच्या. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे, बुद्धी कशाला म्हणावं यावर वाद घालायला अंगात त्राण कुणाला होतं?

वहिनींना संघात घेतलं ते अक्षर चांगलं म्हणून. पावत्या लिहून लिहून सुवाच्य झालेलं अक्षर. कॅप्टनचा नियम होता, टेबलावर वाद घालायचा नाही, वेळ जातो. तिघांनी आपापलं उत्तर वहिनींच्या कानाशी सांगायचं आणि वहिनींनी लिहायचं. आता तीन माणसं तीन उत्तरं सांगतात आणि चिठ्ठीवर एकच मावतं, तर ते एक कुठलं, हे ठरवतं कोण? सात वर्षांत हा प्रश्न त्या तिघा हुशारांपैकी एकालाही पडला नाही. निकाल लागला की तिघांनाही आठवायचं की बरोबर उत्तर आपणच सांगितलं होतं. मोजणीदार तर चुकलेल्या प्रश्नांवरसुद्धा हक्क सांगायचा.

ठरवायच्या अर्थातच वहिनी. ऑक्टोपसला किती हृदयं असतात याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्या फक्त ऐकायच्या. औषधवाल्याला येत असलं की तो आणखीच हळू बोलायचा, ओठ हलल्याचा भास व्हायचा फक्त. मोजणीदाराला येत असलं की त्याचा आवाज चक्क खाली यायचा; ओरडला म्हणजे ठोकून देतोय. आणि कॅप्टन? कॅप्टनला येत असलं की एक शब्द. "शुक्र." "पारा." शब्द टेबलावर ठेवून तो चष्मा पुसायला लागायचा. वहिनी डोळे मिटून लिहायच्या.

मग मागच्या वर्षी एका रविवारी तोच ऑक्टोपसचा प्रश्न आला. पूर्वी चारदा येऊन गेलेला. कॅप्टन पुढे वाकला आणि म्हणाला, "हे बघ, ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा प्राणी, खोल पाण्यात राहणारा, तर रक्त सगळीकडे पोचवायचं म्हणजे, आपल्याला कसं एकच पुरतं, पण त्याला..." आणि शेवटी, "चार." औषधवाल्याचे ओठ हलले: तीन. वहिनींनी तीन लिहिलं. बरोबर आलं. कॅप्टनने टेबलावर थाप मारली आणि सगळ्यांकडे बघून हसला, जणू आपणच सांगितलं होतं.

वहिनींना हसता आलं नाही. चुकला म्हणून नाही, माणूस चुकतो. नवऱ्याने त्यांना गोष्ट सांगितली होती. काउंटरच्या पलीकडून सांगतात तशी.

त्यानंतर गोष्टी वाढत गेल्या. आधी महिन्यातून एखादी, मग दर रविवारी दोन, मग चार. घरी तो पूर्वीसारखाच वही घेऊन बसायचा. प्रश्न डावीकडे, उत्तरं उजवीकडे. पण एकदा वहिनींनी वही चाळली तर एकच पान तीनदा उतरवलेलं, तारीख वेगवेगळी. त्यांनी वही होती तशी ठेवली. टेबलावर मात्र त्या आता कॅप्टनची गोष्ट ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि औषधवाल्याचं नाहीतर मोजणीदाराचं लिहायच्या. संघ पहिला येतच राहिला. कॅप्टनचा कुणाला संशय आला नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.

सांगायला हवं होतं का? वहिनी स्वतःला विचारायच्या, इस्त्रीच्या वाफेत उभ्या राहून, आणि उत्तर एकच यायचं: सांगून काय करू? खात्याने माणसाला चाळीस वर्षं दगड समजून वागवलं. त्याच्यापाशी आपण हुशार असल्याचा एकच पुरावा, आठवड्यातून दोन तास. तो मी माझ्या हाताने काढून घेऊ? डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर प्रश्न विचारणार. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. आणि प्रश्नांना उत्तरं देणं हीच तर त्या माणसाची आयुष्यभराची शान. त्यांना भयंकर दमल्यासारखं व्हायचं. त्या पुढचा शर्ट घ्यायच्या.

अशात प्राध्यापक आला. बदली होऊन गावात आलेला, पन्नाशीचा, चालतंबोलतं पुस्तक. पहिल्याच रविवारी परक्या टेबलावर बसून त्याने एकट्याने वीसपैकी सतरा उत्तरं दिली. चहाच्या वेळी मोजणीदाराने त्याची पाठ थोपटत म्हटलं, "काय अफाट बुद्धी आहे साहेब." तर तो हसून म्हणाला, "छे हो. बुद्धी वेगळी. हे माझं गोदाम आहे, माल भरून ठेवलाय इतकंच." कॅप्टनला ते झोंबलं. वहिनींना माणूस आवडला.

पुढच्या महिन्यात सगळ्या वाचनालयांची मिळून वार्षिक स्पर्धा होती. संघात चारच माणसं. मोजणीदाराच्या डोक्यात किडा वळवळला आणि चार दिवसांनी तो कॅप्टनच्या डोक्यात शिरला.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या तेव्हा कॅप्टन दारात येऊन उभा राहिला.

"यंदा प्राध्यापकाला घेतोय," तो म्हणाला.

"घ्या की."

"म्हणजे चारच जण चालतात ना. तू काय, नुसती लिहायला असतेस. तुलाही जरा आराम. किती दमतेस."

वहिनींनी हातातला टॉवेल उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. सात वर्षं, आणि 'नुसती लिहायला'. पण त्याच्यामागून भीती आली आणि तिने वाईट वाटणं बाजूला सारलं.

"चिठ्ठ्या कोण लिहिणार मग?"

"मी लिहीन. त्यात काय मोठं?"

"औषधवाल्या भाऊंचं अक्षर चांगलं आहे."

"औषधवाल्याचं? त्याने लिहिलेलं त्याच्या नोकराला वाचता येत नाही," कॅप्टन म्हणाला. खरंच होतं ते.

त्यांना सांगता आलं असतं, की अहो, मी लिहीत नाही, मी निवडते. मग तो विचारणार, कशावरून? आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे बाकी सगळंही सांगावं लागणार. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नाक्यावर जाऊन औषधवाल्याला तेवढं म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही जरा मोठ्याने बोला. आणि चिठ्ठीवर लक्ष ठेवा." औषधवाला ओशाळून हसला. "कॅप्टन असताना मी काय बोलणार वहिनी?" म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या. सात वर्षांत प्रथमच प्रेक्षकांत. मोठं सभागृह, खुर्च्यांना गाद्या, मंचावर बारा टेबलं. कॅप्टनने नवा शर्ट घातला होता आणि पेन दोनदा तपासून घेतलं होतं. पहिला प्रश्न आला. वहिनींना टेबलावरचं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. औषधवाल्याचे ओठ हलले. प्राध्यापक एक शब्द बोलला आणि पाण्याचा ग्लास उचलला. आणि कॅप्टन पुढे वाकून हातवारे करायला लागला. लांबलचक. प्राध्यापकाने भिवया उंचावल्या, पण नवा माणूस, मान राखून गप्प बसला. कॅप्टनने लिहिलं. चिठ्ठी डब्यात गेली.

वहिनींनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. दुसरा प्रश्न, पुन्हा हातवारे. पाचवा. आठवा. मोजणीदार एकदा चक्क हळू बोलताना दिसला, म्हणजे त्याला पक्कं येत होतं, आणि कॅप्टनने हाताने त्याला थोपवलं. उठून मंचावर जावं, पेन काढून घ्यावं, असं वहिनींना इतकं वाटलं की त्या अर्ध्या उठल्याही. शेजारची बाई म्हणाली, "बाथरूम त्या बाजूला आहे." त्या खाली बसल्या.

बारा संघांत त्यांचा बारावा नंबर आला. वीसपैकी सहा.

लोक पांगले तशा वहिनी मंचाच्या पायऱ्या चढून वर गेल्या. कॅप्टन नव्हता, बाहेर हवेवर जातो म्हणून गेला होता. तिघं टेबलाशी उभे होते आणि संयोजकांनी परत दिलेल्या चिठ्ठ्या प्राध्यापकाने पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या.

"हे मी शुक्र म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. रागावलेला नव्हता, गोंधळला होता. "यांनी गुरू लिहिलंय. इथे भाऊ तीन म्हणाले, मी ऐकलं. लिहिलंय चार. बरोबर उत्तरं टेबलावर सतरा आली होती. सतरा. मी मोजली."

"त्याचा आज दिवस बरा नव्हता," मोजणीदार म्हणाला. पण आवाज खाली होता. मग तो वहिनींकडे वळला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहिनी, पण तुम्ही लिहायचात तेव्हा... तो असंच काहीबाही सांगायचा?"

"वर्ष झालं," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुम्हाला कसं कळायचं कुणाचं लिहायचं? तुम्हाला तर यातलं काही येत नाही."

"नाही येत."

प्राध्यापक त्यांच्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "म्हणजे सात वर्षं हा संघ तुम्ही जिंकवत होतात." दुसरा कुठला दिवस असता तर वहिनींनी हे वाक्य घरी नेऊन जपून ठेवलं असतं. आज ते ऐकून त्यांना फक्त खुर्ची हवीशी वाटली. एवढं वर्षभर झाकलेलं चार चिठ्ठ्यांत उघडं पडलं होतं, आणि त्यांच्या शहाणपणाचं कौतुक करायला हीच वेळ सापडली होती या लोकांना.

औषधवाल्याने चिठ्ठ्या गोळा करून खिशात टाकल्या. "हे बाहेर जाणार नाही," तो म्हणाला, त्याच्या मानाने मोठ्याने. "माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, मेंदूचेच. आत्ताच फोन करू?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "थोडे दिवस जाऊ दे. त्यांना कळतंय. आज त्यांना लागलंय, मीच बोलते त्यांच्याशी." आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. जो माणूस गोष्ट सांगतो त्याला आत कुठेतरी माहीत असतं, की आपल्याला माहीत नाही. म्हणून तर तो सांगतो. सत्तावीस वर्षांत याला अपवाद झाला नव्हता. आपला नवरा झाकतोय, म्हणजे तो अजून शाबूत आहे, याच हिशेबावर त्यांनी वर्ष काढलं होतं.

कॅप्टन बाहेर पायऱ्यांवर बसला होता. ऊन कलतं झालं होतं. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता आणि कॅप्टन त्याच्याकडे बघत होता. वहिनी शेजारी बसल्या. गुडघे वाजले.

"वाईट झालं," कॅप्टन म्हणाला.

"हो."

"इतकी सोपी उत्तरं. आपली उत्तरं अशी चुकतात कधी?"

वहिनींनी मनाशी ठरवलं, बस झालं आता. काउंटरवर विचारतात तसं सरळ विचारायचं. तो आढेवेढे घेईल, मेहुणा येईल, खिडकी येईल, आणि मग आपण त्याचा हात धरून म्हणू, अहो, पुरे, मला माहीत आहे.

"आज चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?" त्यांनी विचारलं.

"तू."

एवढंच म्हणून कॅप्टनने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.

वहिनी थांबल्या. आता पुढचं येईल म्हणून थांबल्या. कान देऊन, श्वाससुद्धा न घेता. पुढचं काही आलं नाही. आवाजात टोचणी नव्हती, दोष देणं नव्हतं, चाचरणं नव्हतं. शुक्र, पारा म्हणायचा तसं स्वच्छ, एका शब्दात म्हणाला होता तो. कुणी अनोळखी माणूस असता आणि हे त्याने काउंटरपलीकडून सांगितलं असतं, तर वहिनींनी डोळे मिटून लिहून घेतलं असतं.

"तुझी काही चूक नाही गं," कॅप्टन चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाला. "दमतेस तू फार."

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवा शर्ट घामाने ओला झाला होता. मग कठड्याला धरून त्या उठल्या, "इथेच बसा, कुठे जाऊ नका," असं त्याला दोनदा सांगितलं, आणि औषधवाल्याला त्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन करायला सांगायला आत गेल्या.